आरामशीर सहलीचे एक परीक्षण

दसऱ्यानंतर दोन दिवसांसाठी घनसावंगीला अक्काकडे गेलो होतो. कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि ओसरीवर गाठोडी येऊन पडली होती. रात्री जेवणे आटोपल्यावर दाजींनी चष्मा पुसला, डायरीतून घडी केलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दिवाळीत भाड्याची मोठी गाडी करून घरातल्या आठ माणसांनी चार दिवस बाहेर पडायचे, असा बेत ठरला होता. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘आरामशीर सहल’.

“तुम्ही लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढता,” दाजी म्हणाले, “आता ह्या कागदातल्या काढा बघू.”

दाजींनी हे थट्टेने म्हटले खरे; पण मी त्यांचे म्हणणे मनावर घेतले. कोणत्याही सहलीचा बेत हा एक लहानसा प्रवासग्रंथच असतो. फरक इतकाच, की प्रवासवर्णन प्रवासानंतर लिहिले जाते आणि बेत आधी. ह्या दिवाळीत कितीतरी घरांत असे कागद तयार होत असतील. तेव्हा एका कागदाचे परीक्षण वाचकांना अगदीच निरुपयोगी वाटणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम ग्रंथाचा परिचय. पहिला दिवस, रविवार : पहाटे चारला प्रस्थान, पैठणला नाथांची समाधी आणि धरण मिळून चाळीस मिनिटे, मग देवगिरीचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, मुक्काम छत्रपती संभाजीनगर. दुसरा दिवस, सोमवार : अजिंठा, आणि संध्याकाळपर्यंत लोणार. तिसरा दिवस : शेगावचे दर्शन, रात्री सिंदखेडराजा. चौथा दिवस : जिजाऊंचे जन्मस्थान, अंबडची मत्स्योदरी आणि घरी उतरण्याआधी जांब समर्थ. एकूण अकरा स्थळे. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. समासात टीप : ‘उशीर झाल्यास जेवण गाडीतच.’

एक ढोबळ चूक तत्काळ दिसली, ती आधी सांगून टाकतो. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. दाजींची गाडी शंभर किलोमीटर जाऊन बंद दाराशी उभी राहिली असती. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. तो वेळ कागदात धरलेलाच नव्हता. पण ह्या चुका मुद्रणदोषांसारख्या. शुद्धिपत्र जोडले की भागते. खरा दोष निराळा आहे आणि तो ग्रंथाच्या रचनेतच आहे. अकरा नावांच्या ह्या कागदात थांबण्याची जागा एकही नाही. पोहोचणे आहे, पाहणे आहे, निघणे आहे. बसणे कोठेच नाही. मग त्याला ‘आरामशीर’ हे शीर्षक कोणत्या आधारावर दिले?

हा दोष दाजींचा एकट्याचा नाही. आपण सारेच असे बेत करतो. मौज अशी, की ज्या भाषेत आपण ते करतो, त्या भाषेचे जुने प्रवासी नेमके उलट वागत आले आहेत.

आमच्या गोदाकाठापासूनच आरंभ करू. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी ह्याच नदीच्या काठाने पायी हिंडले. पैठण हे त्यांच्या वास्तव्याचे एक मोठे ठिकाण. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ ह्या भ्रमंतीच्या आठवणींनी भरलेले आहे, आणि चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ तर केवळ जागांचीच नोंद करते. पण ती नोंद पाहा कशी आहे! स्वामी जेथे बसले ते ‘आसन’. जेथे एक रात्र राहिले ती ‘वसती’. जेथे काही काळ मुक्काम केला ते ‘अवस्थान’. चालण्याला एक शब्द पुरला. थांबण्यासाठी मात्र निरनिराळे शब्द लागले. अशा ठिकाणी महानुभावांनी ओटे बांधले, आणि त्यांतले कित्येक आजही पूजले जातात. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला किती वेळात पोहोचले, हे त्यांनी महत्त्वाचे मानले नाही. कोणत्या झाडाखाली, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला बसले, ते मानले.

ह्यामागे श्रद्धा होती, हे उघड आहे. पण श्रद्धेबरोबर प्रवासाची एक जाणही होती. म्हाइंभट आठवणी गोळा करीत गावोगाव फिरले, तेव्हा लोकांना काय आठवत होते? स्वामी बसले असता कोणी काय विचारले, कोणी काय खायला आणले, कोणते मूल जवळ आले. माणसे भेटतात ती थांबल्यावर. चालत्या पायांना रस्ता भेटतो आणि धावत्या चाकांना तर तोही धड भेटत नाही. वेरूळला स्वामींचे अवस्थान घडल्याचे ‘लीळाचरित्र’ सांगते. त्याच वेरूळला दाजींच्या कागदाने दीड तास दिला आहे. चौतीस लेण्यांना दीड तास, म्हणजे एका लेण्याला तीन मिनिटेही नाहीत. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात माथ्यापासून पायथ्याकडे खोदीत आणले. त्याच्या अंगणात उभे राहून नुसती मान वर करायलाच तीन मिनिटे लागतात.

कोणी म्हणेल, ते संतमहंत. त्यांना घाई कसली? म्हणून सामान्य माणसांच्या प्रवासाकडे वळू. आषाढी वारीइतका मोठा सामान्य माणसांचा प्रवास महाराष्ट्रात दुसरा नाही, आणि तिच्याइतका बारकाईने आखलेलाही नाही. पालखीचे वेळापत्रक छापले जाते. ते एकदा हातात घेऊन वाचावे. त्यात मुक्कामाच्या गावांच्या जोडीला एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : ‘विसावा’. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, त्यांची गावे ठरलेली. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात दोन रात्री राहते. दिवेघाट चढून गेली की सासवडला पुन्हा दोन रात्री. चढणीनंतर मोठी विश्रांती हवी, हे ज्यांनी ठरवले त्यांना माणसाच्या पायांची भाषा कळत होती. शेगावची पालखी परतीच्या वाटेवर आमच्या जालन्यावरून जाते, तिचाही क्रम असाच मुक्कामांनी बांधलेला असतो. नर्मदेच्या परिक्रमेची रीत तर ह्याहून पुढे जाते. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस हा तिचा परंपरेने सांगितलेला काळ. आणि चातुर्मासात चालायचे नाही, एका जागी राहायचे, असा नियम. वर्षातले चार महिने थांबण्यासाठी राखून ठेवणारा हा बेत आहे. गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ह्या १९५७ सालच्या कादंबरीला ह्याच परिक्रमेची पार्श्वभूमी आहे.

विसाव्याची जागा अशी आधी ठरवता येते. पण पुष्कळदा ती न ठरवता समोर येते, आणि प्रवासाचे सार तिथेच सापडते. ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाला, तो ग्वाल्हेरीकडच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल म्हणून. बेत अगदी हिशेबी होता. तो पार मोडला. वाटेत बंड पेटले, लुटारू भेटले, झाशीचा वेढा आणि कत्तल डोळ्यांदेखत झाली. द्रव्य हाती राहिले नाही. गंगेची कावड मात्र त्याने घरी आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली संपादून छापले. ते वाचलेल्या माणसाला पुढे काय आठवते? लढायांचे तपशील विसरतात. आठवते ती काल्पीकडच्या वाटेवरची एक विहीर. पराभूत, तहानलेली झाशीची राणी घोड्यावरून तेथे येते. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तर ती त्यांना श्रम देत नाही आणि स्वतःच पाणी ओढते. दोन थकलेली माणसे विहिरीच्या काठाशी क्षणभर थांबली, इतकाच प्रसंग. सबंध सत्तावन्नच्या साहित्यात राणीचे इतके जवळून घडलेले दर्शन मला तरी दुसरे आठवत नाही.

आमच्या आधुनिक प्रवासवर्णनाकडे ह्याच नजरेने पाहिले, तर त्यातले खरे आणि खोटे चटकन वेगळे होते. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले आणि मराठी प्रवासवर्णन नुसत्या माहितीच्या ओझ्यातून मोकळे झाले. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० साली ह्या प्रकाराला घराघरांत नेले. पुलंच्या पुस्तकात स्थळे पुष्कळ आहेत. पण वाचक प्रेम करतो तो त्यातल्या माणसांवर, आणि निघण्यापूर्वीच्या तारांबळीवर. ती तारांबळ आपण सर्वांनी आपापल्या घरी अनुभवलेली असते. नंतर ह्या पुस्तकांच्या वाटेने जी असंख्य वर्णने लिहिली गेली, त्यांनी स्थळे तेवढी उचलली. विमानतळ, हॉटेल, पुतळा, संग्रहालय, पुन्हा विमानतळ. ती वर्णने आणि दाजींचा कागद ह्यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याला एकच भीती वाटत असते, की काहीतरी पाहायचे राहून जाईल. काहीच न राहू देण्याच्या हट्टाने प्रवासही थकतो आणि गद्यही.

येथपर्यंत आल्यावर माझ्याच विवेचनाविषयी एक शंका घेणे प्राप्त आहे. विसावा, विसावा म्हणून मी गौरव करीत आहे. पण विसावा कोणाचा?

हा प्रश्न माझा नव्हे. इरावती कर्वे ह्यांच्या ‘परिपूर्ती’ ह्या १९४९ सालच्या संग्रहात ‘वाटचाल’ नावाचा वारीवरचा लेख आहे. त्या भक्तीने भारावल्या, गाण्यात रंगल्या; पण जेवणाच्या वेळी जातीजातींच्या पंगती वेगळ्या होतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही आणि ते त्यांनी लपवलेही नाही. एकाच वाटेने चाललेली माणसे थांबल्यावर वेगळी होत होती. पुढे १९६१ साली दि. बा. मोकाशी आळंदीहून पंढरपूरला पायी गेले, त्यातून १९६४ साली ‘पालखी’ हे पुस्तक झाले. पुण्यात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या ह्या लेखकाने वारकऱ्यांत मिसळूनही आपण पाहणारे आहोत हे भान सोडले नाही. मला ही दोन्ही पुस्तके मोठी वाटतात ती ह्यासाठी, की ती विसाव्याचे कौतुक करून थांबत नाहीत. कोण बसले आहे आणि कोण अजून उभे आहे, तेही पाहतात.

हे मनात घेऊन मी दाजींचा कागद पुन्हा वाचला. ‘पहाटे चारला प्रस्थान.’ म्हणजे अक्काने किती वाजता उठायचे? दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लहानांसाठी वेगळे, पथ्यवाल्यांसाठी वेगळे. दोनच्या पुढे तिचा डोळा लागायचा नाही. ‘जेवण गाडीतच.’ म्हणजे वाढायचेही तिनेच, धावत्या गाडीत, मांडीवर डबे घेऊन. आणि गाडी चालवणारा? चार दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत चाक त्याच्या हाती. रात्री तो कोठे झोपणार, ह्याचा कागदात उल्लेख नाही. बहुधा गाडीतच, तो रखवालीलाही बरा, असे गृहीत धरलेले. आठ माणसांच्या आरामाचा हा बेत होता, आणि त्यात ज्यांच्यावर सारा भार, त्या दोघांना आराम नव्हता. डोळ्यांत झोप असलेला चालक काय करू शकतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. विशेषतः समृद्धी महामार्गासारख्या सरळ, रुंद, ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. ह्या रस्त्याने वेळ वाचतो, ह्यात शंका नाही. वाचलेल्या वेळात आपण आणखी एक स्थळ घालतो, ही अडचण आहे.

“पण मग पाहायचं तरी काय?” दाजींनी जरा नाराजीनेच विचारले. “चार दिवस गाडीभाडं भरून पैठणला बसून राहायचं?”

‘पैठणला बसून राहायचं’ हे शब्द ऐकले आणि मी गप्प झालो. त्याचे कारण त्यांना सांगितले, ते येथेही सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी अण्णांना घेऊन आम्ही असेच निघालो होतो. बेत माझा होता, आणि तो ह्या कागदाचा सख्खा भाऊ शोभावा असा होता. पैठणला नाथांच्या समाधीचे दर्शन झाले आणि अण्णा घाटाच्या पायरीवर बसले. पाय पाण्यात सोडले. नदीकडे पाहत म्हणाले, “थोडं बसू की रे इथं.” माझ्या कागदावर पुढे देवगिरी होता आणि उन्हे चढायच्या आत किल्ला चढायचा होता. मी म्हणालो, “येताना बसू.” येताना अंधार पडला होता आणि आम्ही दुसऱ्या रस्त्याने आलो. अण्णांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यानंतर ते आमच्याबरोबर कोठे आलेच नाहीत. गुडघ्यांचे निमित्त सांगत. ते गेल्यावर त्या सहलीचे फोटो काढून पाहिले. किल्ल्यावरचे आठ, लेण्यांतले पंधरा. घाटावर बसलेल्या अण्णांचा एकही नाही. मला आज ती सहल आठवते ती पाण्यात सोडलेल्या त्यांच्या पायांवरून, आणि मी हातातल्या घड्याळाकडे पाहत होतो ह्यावरून.

अक्का दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “मला म्हणाले होते अण्णा. दादाला घाई होती, म्हणाले.” तिने ते साधेपणाने सांगितले. मला मात्र दोन घटका बोलवेना.

मग आम्ही तो कागद दुरुस्त करायला बसलो. परीक्षणकाराला ग्रंथ दुरुस्त करण्याची संधी क्वचितच मिळते. लोणार आणि शेगाव ह्या खेपेला वगळले. लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या विवरात आहे. ते इतकी युगे टिकले आहे, तेव्हा पुढच्या वर्षीपर्यंतही राहील. देवगिरी भाच्यांच्या हट्टासाठी ठेवला. पण ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली बसण्याचा वेळ धरला. निघायची वेळ चारऐवजी आठ केली. पहिला दिवस आणि पहिली रात्र पैठण. दुसरा दिवस सोमवार, तो वेरूळला आणि देवगिरीला. मंगळवारी अजिंठा, तेही एकटेच. चौथा दिवस परतीचा. वाटेत एक जेवण खानावळीत, असे अक्काच्या सांगण्यावरून नव्हे, तर दाजींच्या स्वतःच्या हाताने लिहून घेतले. चालकासाठी प्रत्येक मुक्कामी खोली, हेही लिहिले.

“आणि जांब?” भाच्याने विचारले. “मामा, जांब कुठं गेलं?”

जांब आपल्याच तालुक्यात आहे. तेथे एखाद्या संध्याकाळी सहज जाता येईल, असे मी म्हटले. पण त्याच्या प्रश्नाने एक गोष्ट सुचली. १६०८ साली ह्या जांबेत जन्मलेला नारायण ठोसर हा मराठी मुलखातला केवढा मोठा प्रवासी! परंपरा सांगते, की लग्नाच्या बोहल्यावरून तो निघाला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे राहिला आणि मग बारा वर्षे देश हिंडला. म्हणजे समर्थांच्या चरित्रातही हिंडण्याइतकेच एका जागी राहणे आहे. एवढे हिंडून ते पुन्हा जांबेला आले, ते आईला भेटण्यासाठी. आणि दासबोध लिहिला गेला तो, परंपरेप्रमाणे, शिवथरच्या घळीत बसून. चालणारा माणूस बसला, तेव्हा ग्रंथ झाला.

भाच्याला हे कितपत पटले, ठाऊक नाही. तो फोनवरच्या नकाशात नवा मार्ग घालून पाहत होता. नकाशाने दर ठिकाणी पोहोचायची वेळ सांगितली. पैठणच्या पहिल्या संध्याकाळपुढे मात्र कागदावर जागा कोरी राहिली होती. दाजींना रिकामी जागा सोसवत नाही. त्यांनी पेन उचलले आणि विचारले, “चार ते सात. इथं काय लिहू?”

“घाट,” अक्का म्हणाली.

दाजींनी तसे लिहिले. मग कागदाची घडी केली आणि डायरीत ठेवली. शीर्षक त्यांनी बदलले नाही, आणि आता ते बदलण्याचे कारणही उरले नव्हते.